हळू वाढणारं यीस्ट

३ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस, साष्टांग नमस्कार वि. वि.

गुडघ्याचं आईने कळवलं. साबणाच्या कढईपाशी तासन्‌तास उभं राहू नका, हे सांगून उपयोग नाही, तरी सांगते.

आम्ही यीस्टच्या जनुकांत फेरफार केले, साखर खाऊन त्याने जास्त फॅटी ॲसिड बनवावं म्हणून. तुमच्या तेलात असतं तेच. सुरुवातीला भरपूर बनलं, आता रोज कमी होतंय. मी तर दहा नळ्यांतली सगळ्यात भराभर वाढलेली निवडून तिचंच यीस्ट पुढे वाढवते. महिनाअखेर जमलं नाही तर काम बंद, असं आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी सांगितलंय. चार वर्षं पाण्यात जातील. भीती वाटते, बाबा.

आईला नमस्कार. माया असू द्या.

तुमची टिटवी

९ ऑगस्ट

चि. टिटवीस, अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे. तुझी आई राईचा पर्वत करते.

पत्र दोनदा वाचलं, निम्मं डोक्यावरून गेलं. पण एक विचारतो. आपल्या कारखान्यात साबणाची खोकी वाहायला माणसं होती, त्यात सगळ्यात पुढे कोण चालायचा आठवतं? ज्याच्या खांद्यावर खोकं नसायचं तो. तू रोज पुढचाच निवडतेस. तो काम करतोय कशावरून? चुकत असेन तर हस म्हाताऱ्याला.

तुझा बाबा

२७ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस, सा. न.

हसले नाही, त्याच दिवशी सगळ्या नळ्या तपासल्या. महिनाभर मी निवडून निवडून कामचुकारच पोसले होते. गोठवून ठेवलेलं पहिलं यीस्ट काढलं, पुन्हा वाढवलं, आणि यावेळी सगळ्यात रेंगाळलेली नळी रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बाबा, एकेका पेशीत तेलाचे उजळ थेंब, काठोकाठ. केसाच्या जाडीत दहा मावतील एवढासा जीव, आणि केवढं ओझं घेऊन बसलाय. बाईंना बोलावलं, तर त्या डोळा काढेनात. काम चालू राहणार.

सोबतच्या डबीत चमचाभर फॅटी ॲसिड आहे, शुद्ध केलेलं. पुढचं तुम्हाला ठाऊक.

तुमची टिटवी

६ सप्टेंबर

चि. टिटवीस, उदंड आशीर्वाद.

डबी पोचली. चाळीस वर्षं साबण केला, पण काल कॉस्टिक सोडा तीनदा मोजला. वडी निघाली सुपारीएवढी. तू कारखाना सोडून गेलीस, असं मी सगळ्यांना सांगत आलो. चुकलंच माझं.

तुझ्या आईने नि मी त्या वडीने हात धुतले. पांढरा, दाट फेस आला. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी केलेला. आई म्हणाली, आता पाणी घ्या. मला होईना. फेस वाळेपर्यंत हात तसेच धरून बसलो.

तुझा बाबा