ज्याचं दुखणं, त्याचं बटण

सोमवार
आले एकदाची दवाखान्यात! खिडकीजवळची खाट मिळाली, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच. उद्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढणार. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, नंतरच्या दुखण्यासाठी पाठीत बारीक नळी बसवू, की बटणाचा पंप देऊ? दुखलं की बटण दाबायचं, औषध थेट शिरेत. मी पंप घेतला. घरात टीव्हीचा रिमोट कधी हाती आला नाही. निदान हे तरी येऊ दे! सिस्टरनी बजावलं, बटण फक्त पेशंटनं दाबायचं. औषध जास्त झालं की माणूस झोपतो, आणि झोपलेला काही दाबत नाही. हीच त्यातली राखण. सोबतीला ताई आहे. आई ह्याच रोगानं कण्हत कण्हत गेली, तेव्हा उशाशी तीच होती. तेव्हापासून मला ठेच लागली तरी पाणी तिच्या डोळ्यांत.

बुधवार
गाठ निघाली, सगळी निघाली म्हणे! खोकताना टाके ओढतात, पण बटण दाबलं की खोकता येतं, चार पावलं टाकता येतात. छातीत कफ साचू दिला नाही तर लवकर घरी जाल, असं डॉक्टर म्हणाले. थोडं दुखतंच, पण सोसवतं. ताईला मात्र बघवत नाही. मी कण्हले की ती तोंड फिरवते.

गुरुवार
आज चालणं नाही. डोळेच उघडेनात. सिस्टर म्हणाल्या, पंप बराच चाललाय, जपून दाबा. मला तर दाबल्याचं आठवत नाही. मीच वेंधळी! बटण ताईच्या मांडीवर होतं. खाली पडलं म्हणून उचललं, म्हणाली.

शुक्रवार
श्वास घ्यायची आठवण ठेवावी लागते. छातीत घरघर. खोकता येत नाही. दुपारी डोळे किलकिले केले. बटणावर ताईचा अंगठा. मी कण्हलेही नव्हते. नको म्हणायला तोंड उघडलं. तिला वाटलं, दुखतंय. दाबलं.
सिस्टर आल्या. ताईनंच सांगितलं, फार तळमळत होती, आत्ता कुठे डोळा लागलाय.

शनिवार
घंटीकडे हात नेला — दाबलं.
रडले — दाबलं.
तीही रडते. आईसारखं तुला सोसू देणार नाही, म्हणते.
भीती वाटते. माझ्याच ताईची.
चहाला गेलीय. सिस्टर, हे वाचा. बटण माझ्या हातात नाही. तिला रागावू नका, तिला फक्त माझं —
आली. हसायला हवं. हसले तर दाबणार नाही —
टाका ओढला. कपाळाला आठी प—