मास्तर, डोंगराचं विचारायचं होतं

मास्तर, मी तुमच्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसावर काय चिडायचं, असं घरातले म्हणतील, म्हणोत. परवा माझी नात शाळेतून डोळे पुसत आली. राज्याची ओळख करून देणारा धडा होता, आणि खाली प्रश्न, डोंगरांतून आपल्याला काय मिळते? हिने लिहिलं, चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानफळांची माटोळी टांगतात, तिचं सामान. "आजी, टीचरान काट मारली गो. खनिज लिही म्हणाली." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पोरीचा राग आला नाही, त्या टीचरचाही फारसा नाही. राग आला तो थेट तुमचा.

गोव्याच्या मुक्तीनंतर आमच्या डिचोलीकडच्या गावात मराठी शाळा निघाली आणि तुम्ही पेडण्याहून, केरीच्या समुद्रकाठाहून आलात. देवळाच्या मंडपातच वर्ग. तुम्ही खांबाला नकाशा टांगता, छडीचं टोक गोव्यावर टेकवता आणि सांगता, "कुठल्याही देशाची ओळख करून घ्यायची तर चार गोष्टी विचारायच्या. तो आहे कुठे, त्याची जमीन कशी, माणसं कोण, आणि ती पोट कशावर भरतात." किती सोपं करून सांगितलंत! मी घरी जाऊन गोठ्यातल्या गाईलासुद्धा हे चार प्रश्न विचारले होते. आणि मग आमच्याच डोंगरापाशी आल्यावर म्हणालात, "हे डोंगर नुसते पडीक. आता खाणी वाढतील तेव्हा त्यांचं सोनं होईल." मी उभी राहिले. "मास्तर, पडीक खंय? आमची माटोळी थंयच्यान येता." तुम्ही हसलात, म्हणून सगळा वर्ग हसला. "बाय, माटोळीवर देश चालत नाही. बस खाली."

पडीक म्हणे! आमच्या घरी चवथीचं जेवून तुम्हाला महिनाही झाला नव्हता. तुम्ही गावात एकटे राहायचात, म्हणून आई आवर्जून बोलवायची. गणपतीच्या डोक्यावर माटोळी टांगलेली असे, लालभडक कवंडळं, तोरिंगण, कांगलां अशी फळं, रानातली फुलं, सगळं बाबा आणि काका डोंगर चढून, काटे टोचून घेत आणायचे. तुम्ही पानावर बसता, हातातली करंजीसारखी नेवरी तशीच धरून वर बघत राहता. "वहिनी, अख्खा डोंगर घरात आणलात की हो!" आई लाजते, म्हणते, "मास्तर, आनीक इल्लें खतखतें घेयात." तुम्ही ती भाजी पुन्हा वाढून घेता. मग मला सांगा, जेवताना दिसलेला डोंगर शिकवताना कुठे गेला? तुमच्या केरीच्या समुद्राला कुणी पडीक म्हटलं असतं तर? छडी मोडेपर्यंत मारलं असतंत तुम्ही त्याला, मी ओळखते ना तुम्हाला.

खाण आली. माणसांना पगार मिळाले, ते मी नाकारत नाही. माझ्या दोन्ही भावांचे संसार खाणीवर उभे राहिले, सिंधुदुर्गातून आलेल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. पण डोंगरातली झर आटली, आमच्या शेतात तांबडा चिखल उतरला आणि भाताचं रोप त्यात धरेना. डोंगराच्या जागी आता खड्डा आहे, त्यात हिरवं पाणी साचतं. तुमचं चौथं उत्तर, पोटाचं, बरोबर आलं, मास्तर, पण त्यापायी दुसरं, जमिनीचं, खोटं पडलं.

तर मी तणतणत शाळेत गेले. टीचर बिचारी तरुण, नम्र. "आजी, पुस्तकात तसंच आहे. तुम्हीच येऊन सांगा ना मुलांना." मी काय मागे हटते! हातात खडू घेतला, फळ्याकडे वळले, आणि तोंडातून पहिलं वाक्य तुमचंच निघालं, "कुठल्याही देशाची ओळख करून घ्यायची तर चार गोष्टी विचारायच्या." मेल्या जिभेला दुसरं काही सुचेचना. मग डोंगर सांगितला, झर सांगितली, माटोळीतलं एकेक फळ सांगितलं. माझ्या नातीनेच हात वर केला. "मग आता आमची माटोळी कुठून येते?" डिचोलीच्या बाजारातून, म्हटलं. "आणि बाजारात?" ट्रकातून. पोरं खो खो हसली, कारण डोंगर खणून ट्रकांतून नेला हे मी त्यांना नुकतंच सांगितलं होतं. ती मात्र हसली नाही. तिने विचारलं, "आजी, गेलेला डोंगर परत होतो?"

एवढ्या पोरांसमोर मी खडू खाली ठेवला. आणि मी म्हणून गेले, "मास्तरांना विचारून सांगते."

म्हणून हे लिहायला बसले. पाठवू कुठे, ते तुम्हीच सांगा. भांडण काही मिटलेलं नाही, पण अडलं की अजून तुमच्याकडेच यावंसं वाटतं, त्याला मी काय करू? पोरगी रोज शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारते, "मास्तरान कितें सांगलें?" मी म्हणते, उत्तर यायचंय. तुम्ही नाही आहात, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.