साडेतीन मुहूर्तांचा कॉम्प्युटर

२१ मार्च २००४, गुढीपाडवा

आधी तब्येती. माझा गुडघा — कुरकुरतो, पण जिना चढू देतो. दारातली तुळस — उन्हाने मलूल. तिसऱ्या मजल्यावरची नेत्रा — कॉलेजच्या परीक्षेने डोळे लाल. जयवंती — पाय आणखी जड, हात अजून चांगले. नसांचा आजार आहे, पायांनंतर हातांकडे वळेल, असं डॉक्टर म्हणाले. कधी, ते सांगत नाहीत.

गेलं वर्षभर ती दुपारची नेत्राकडे जाऊन गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायची. जन्मभर माझ्या स्कूटरवर मागे बसून "डावीकडे घ्या, खड्डा आहे" करणारी बाई — पडद्यावर गाडी अशी हाणते की नेत्रा म्हणते, "काका, काकूंना लायसन्स मिळू देऊ नका." आता तिला तीन जिने होत नाहीत. म्हणून कॉम्प्युटरच खाली, आमच्याकडे आणायचा. एकेक भाग घेऊन मीच जोडणार. लोकांचे रेडिओ उघडून उघडून शिकलो, हेही शिकेन. हात चालतायत तोवर तिला खेळता आलं पाहिजे. बाकी काही नाही.

तिची अट एकच — खरेदी मुहूर्तावर. लग्न झाल्यापासून या बाईने मुहूर्ताशिवाय कुकरसुद्धा घेतलेला नाही. आज मदरबोर्ड आणि प्रोसेसर आणले. त्या दोघांचं आधी जमावं लागतं, एकाच्या पिना दुसऱ्याच्या भोकांत बसाव्या लागतात. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून — त्यात आता ही भर.

२२ एप्रिल, अक्षय्य तृतीया

रॅम आणि हार्ड डिस्क आणली. आग्नेलच्या दुकानात, वसईला, ग्राफिक्स कार्डही समोरच होतं. आमच्या बोर्डावर त्याच्याशिवाय चित्रच उमटत नाही. आग्नेल म्हणाला, "घेऊन टाका काका. तुमच्या बोर्डाला हेच लागतं." हात पुढे केला आणि मागे घेतला. कारण जयवंतीने काल नवीनच शास्त्र काढलं — एका मुहूर्ताला दोनच वस्तू.

"कुठल्या पंचांगात आहे हे?"

"माझ्या. कार्ड दसऱ्याला."

"आणि स्पीकर?"

"ते सगळ्यात शेवटी. पुढच्या गुढीपाडव्याला."

"म्हणजे तोवर खेळ मुका?"

"मी आहे ना बोलायला."

७ जुलै

भाग कपाटात, तिच्या साड्यांशेजारी. रोज खोकी काढतो, बघतो, ठेवतो. नेत्राने दिलेल्या मासिकातून वाचन चालू. पॉवर सप्लाय स्वस्तातला घेऊ नये, वीज कमी पडली की कार्ड रुसतं. अंथरूण पाहून पाय पसरायचे, ते इथेही आलंच. संध्याकाळी जयवंती विचारते, "आज काय वाचलंत?" मग मी सांगत बसतो. अर्धं तिला कळत नसावं, पण ऐकते. मध्येच एखादा असा प्रश्न विचारते की दुसऱ्या दिवशी मला पुन्हा पुस्तक उघडावं लागतं.

१९ ऑगस्ट

तिच्या हातून चमचा पडला. मी उचलला, धुऊन परत तिच्या हातात दिला.

२२ ऑक्टोबर, दसरा

कॉम्प्युटरचा डबा — त्यातच पॉवर सप्लाय — आणि कार्ड. मॉनिटर नेत्राने तिचा जुना दिला. सोनं वाटून झालं आणि जोडायला बसलो. सगळं आपापल्या जागी बसलं. कार्ड बसेना. फिरवून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. बोर्डाची खाच एक, कार्डाची पट्टी दुसरीच.

जयवंती खुर्चीतून बघत होती. "उलटं धरलंय का?"

"नाही गं."

२३ ऑक्टोबर

आग्नेल म्हणाला, "काका, सहा महिन्यांत माल बदलला. आता नव्या स्लॉटची कार्डं येतात. बोर्ड बरोबर आणला असता तर मीच सांगितलं असतं." खरंय. मी खोक्यावरचं नाव वाचलं, पट्टी पाहिली नाही. जुन्यातलं शोधून मागवतो म्हणाला. एप्रिलमध्ये हाताशी होतं ते.

२८ ऑक्टोबर

आग्नेलचा फोन — कार्ड आलं. मी चपला घातल्या.

"दिवाळी पाडव्याला आणा," जयवंती म्हणाली.

तिच्या डाव्या हाताची दोन बोटं तेवढी चालतात आता. मी चिडलो. म्हटलं, "तुझी बोटं काय मुहूर्तासाठी थांबणार आहेत?"

"मग तुम्ही चालवा. मी मागून सांगेन, डावीकडे घ्या." आणि हसली. हसताना धाप लागली. पाणी पाजलं.

चपला काढून ठेवल्या.

१ नोव्हेंबर

पहाटे जयवंती गेली.

६ नोव्हेंबर

आधी तब्येती. माझा गुडघा बरा. तुळस बरी. नेत्रा बरी आहे, दोन वेळा डबा आणते, मी खाल्ल्याशिवाय उठत नाही.

पुढे लिहायची सवय आहे. लिहायला काही नाही.

१३ नोव्हेंबर, दिवाळी पाडवा

आज तिचं तेरावं. जेवणारे गेले. नेत्रा आग्नेलकडून कार्ड घेऊन आली. बसलं, जागच्या जागी. पडदा उजळला.

मी म्हटलं, "हेच एप्रिलमध्ये आणलं असतं तर ती खेळली असती. मुहूर्ताने घात केला."

नेत्रा वायर गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "काका, एका मुहूर्ताला दोनच वस्तू, असं कुठे असतं? मी विचारलं होतं काकूंना. म्हणाल्या, सगळं एकदम आणलं तर हे रिकामे होतील. रिकामे झाले की माझ्याकडे बघत बसतात. मला नाही बघवत त्यांच्याकडे. तुम्ही पुस्तक घेऊन बसलात की काकूंना बरं वाटायचं. खेळण्यापेक्षाही."

"आणि स्पीकर?"

"ते मुद्दाम मागे ठेवले. म्हणाल्या, मी नसले तरी त्यांना काहीतरी आणायचं बाकी असू दे."

तिने खेळ लावून दिला. गाडी निघाली, आवाज काही नाही. पहिल्याच वळणावर मी डावीकडे घेतली.

स्पीकर गुढीपाडव्याला.