एकतीस नंबरचं रक्त

३ फेब्रु.
एकतीस नंबरची स्लाइड पुन्हा पाहिली. रंग नीट बसला नसेल म्हणून दुसरी काच काढून नव्याने रंगवली. तेच. पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा कच्च्या. हाडातल्या मज्जेतून बाहेर यायलाच नकोत अशा.
माझा विषय झोप आणि रक्त. विद्यापीठाचे सिक्युरिटी गार्ड, काही रात्रपाळीचे, काही दिवसपाळीचे, त्यांच्या रक्तात काय फरक पडतो एवढंच बघायचं होतं. कुणी आजारी निघेल हे मनातही नव्हतं.

४ फेब्रु.
गाइड मॅडमना दाखवली. बराच वेळ डोळा लावून बसल्या, मग म्हणाल्या, "डॉक्टरांना फोटो पाठव." रक्तविकाराच्या डॉक्टरांचा दुपारीच फोन. ब्लड कॅन्सर, जवळपास नक्की. पेशंटला आजच पाठवा म्हणाले.
मी म्हटलं, पेशंट कोण ते माहीत नाही.
खरंच माहीत नाही. हे गार्ड एजन्सीचे. रिपोर्ट एजन्सीला कळला तर नोकरी जाईल, म्हणून सुरुवातीला कुणी हात पुढे करेना. शेवटी मीच गेटवर जाऊन सांगितलं, नळीवर फक्त नंबर असेल, तो कुणाचा हे मलाही कळणार नाही. तेव्हा आले. एकतीसबद्दल इतकंच ठाऊक: रात्रपाळी, पुरुष, तीस ते चाळीस. असे आठ-नऊ जण.

७ फेब्रु.
विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी मिळाली, पण "घबराट होईल असं काही बोलू नका" या अटीवर. सगळ्यांना फेरतपासणीला बोलावलं. दिवसपाळीच्या बायका आल्या. रात्रपाळीतला एकही नाही.
संध्याकाळी गेटवर गेले. हेड गार्ड ज्ञानोबा, सगळे त्यांना आबा म्हणतात. खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले.
"म्याडम, तुमी म्हनला व्हता कुनाचं कुटलं ते तुमालाबी कळनार न्हाई. मग आता परत कशाला?"
मग तेच म्हणाले, "मागं एकाला टीबी निघाला. दुसऱ्या दिशी वर्दी काढून घेतली त्याची. पोरं न्हाई यायची."

८ फेब्रु.
शनिवार. गार्डांचा प्रशिक्षणाचा वर्ग असतो. आग, कॅमेरे, प्रथमोपचार. शिकवणाऱ्या सरांकडून शेवटची पंधरा मिनिटं मागून घेतली. समितीची अट मोडायची हे जाताना ठरलेलं नव्हतं. उभी राहिले आणि बोलून गेले.
तुमच्यापैकी एकाचं रक्त ठीक नाही. आजार मोठा आहे. कोण ते मला माहीत नाही. उपचार आहेत, पण उशीर चालणार नाही.
मागून आवाज, "आन् कळल्यावं पगार कोन देनार?"
मी सरकारी योजनेचं सांगू लागले.
"दवाखान्याचं न्हाई इचारलं. पगाराचं इचारलं."
बाहेर पडताना ते एकमेकांकडे बघत होते. तसं बघायला मीच लावलं.

११ फेब्रु.
एजन्सीच्या माणसाने वर तक्रार केली. मॅडमना बोलावणं. परत आल्या तर चेहरा उतरलेला. "वर्गात पुन्हा जायचं नाहीस." दारापर्यंत गेल्या, वळल्या. "पण लॅब सकाळी लवकर उघडायला कुणाची हरकत नाही."

१३ फेब्रु.
पाळी सुटल्यावर आज तिघे आले. बाही वर करून बसले. तिघांचंही चांगलं. एक जण जिन्यात बसून बायकोला फोन लावून नुसताच हसत राहिला.

१८ फेब्रु.
एकेक करून येतायत. सगळे चांगले. प्रत्येक चांगल्या रिपोर्टला आनंद व्हायला हवा. होत नाही. जो उरलाय त्याच्या अंगावर हे सरकत जातं. आई म्हणाली, जेवत का नाहीस. कामाचा ताण, म्हटलं.
आता दोघेच राहिलेत. रामदास आणि विलास. रामदास गेल्या आठवड्यात नोकरी सोडून नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात लागला. विलास मागच्या गेटवर असतो. विचारलं तर म्हणाला, "माजं रगत माज्यापाशी ऱ्हाऊ द्या."

२१ फेब्रु.
नवलाख उंबरे. पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या गेटबाहेर थांबले. रामदास ओळखून हसत आला. घाबरून नोकरी सोडली का, विचारलं. "घाबरलो तर व्हतोच. पन हितं पगार जादा हाय." चहाच्या टपरीमागे बाकावर बसून हात पुढे केला. टपरीवाला बघत होता.
परत येताना बर्फाची पेटी मांडीवर. मनात एकच, याचं वाईट निघू दे. असं मी मनात आणलं. लिहून ठेवते.

२२ फेब्रु.
रामदासचं चांगलं.

२४ फेब्रु.
मॅडमशी बोलणं. त्या म्हणाल्या, विलासला कळून घ्यायचं नाही, मग आपण कोण सांगणार? मी म्हटलं, मरू द्यायचं? त्या म्हणाल्या, "तसं नाही म्हणाले मी."

२५ फेब्रु.
मागच्या गेटवर गेले. विलास एकटाच होता. मी म्हटलं, "विलासभाऊ, रामदासचं रक्त चांगलं निघालं."
एक स्कूटर आली, तिला आत सोडलं. मग म्हणाला, "म्हंजी मी."
मी मान हलवली.
"वर्गात तुमी बोलला तवाच कळलं. दात घासताना रगत येतंय. हे बगा." दंडावर जांभळे डाग. लागलं नसताना.
मी म्हटलं, आत्ता चला, गाडी बोलावते. तो नाही म्हणाला. पोरगी दहावीला आहे, पेपर सुरू झालेत. "तिला कळलं तर ती पेपरला बसायची न्हाई. मी वळकतो तिला. शेवटचा पेपर झाला की तुमी म्हनाल तितं येतो."
"तेवढा वेळ नाही."
"मग किती हाय?"
मी म्हटलं, ते डॉक्टरच सांगतील.
"घरी बोलू नगा, म्याडम. शब्द द्या."
शब्द दिला नाही. देणार नाही असंही म्हणाले नाही.

१ मार्च
विलास कुसगावला राहतो, बायको तिथेच एका हॉटेलात साफसफाईला आहे. आज तिथे उतरले. मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती. लहान चणीची, भराभर हात चालणारी. कुंपणापाशी उभी राहिले. तिने विचारलं, "कोन पायजे?" मी म्हटलं, कुणी नाही, रस्ता चुकले. तिने हायवेकडचा रस्ता दाखवला, वळणापर्यंत सोडायला आली.

६ मार्च
विलास सकाळी लॅबमध्ये आला. स्वतःहून. आबांनी पाठवलं म्हणाला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ओळखलं त्यांनी. आठवडाभर त्याची रात्रपाळी स्वतः करून त्याला केबिनमध्ये निजवतायत.
रक्त घेतलं. बोळा दाबून धरला, बराच वेळ थांबेना. आकडे आधीपेक्षा वाईट. डॉक्टर फोनवर चिडले. साधा ताप आला तरी जाईल हा माणूस, म्हणाले. पुण्यात खाट धरून ठेवतो, उद्या आणा.
त्याला जसंच्या तसं सांगितलं. ऐकून घेतलं. "सतराला भूगोल. तवा सुटली ती."

१२ मार्च
ताप नाही. रोज गेटवर जाऊन विचारते. आज तो म्हणाला, "तुमी रोज आला की पोरं बगत्यात." उद्यापासून आबांना विचारायचं ठरवलं.

१७ मार्च
शेवटचा पेपर. संध्याकाळी विलासला फोन केला. बोलला. पेपर सोपा गेला म्हणे तिला. "उद्या येतो." आवाज बसलेला. खाट अजून आहे का, डॉक्टरांना विचारलं. आहे.

१८ मार्च
सात वाजल्यापासून लॅबमध्ये. आला नाही. फोन बंद. मागच्या गेटवर नवा माणूस, त्याला विलास कोण हेही माहीत नाही. आबा म्हणाले, रात्री आलाच नव्हता.
कुसगाव. घराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "सकाळच्या पारी गेली समदी. रिक्षा आलती. पिशव्या लय व्हत्या."
कुठे? पुण्याला, दवाखान्यात?
"काय बोलली न्हाईत. पोरगी रडत व्हती."
पुण्याच्या दवाखान्यात चौकशी केली. अजून कुणी आलेलं नाही. त्याचं मूळ गाव वर डोंगरात आहे, तिकडेही गेले असतील.
संध्याकाळी पुन्हा फोन लावला. दिवसभर बंद होता, आता वाजला. पूर्ण वाजून थांबला. उचलला नाही कुणी.