पोच त्वरित द्यावी

सोमवार, ४ मार्च. रात्री जेवणाआधी.

उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. डोकं मात्र शाबूत आहे आणि ते कामाला लागलं आहे. तिसऱ्या मजल्याला मी सोडणार नाही.

घटना अशी. दुपारी मी सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने पार्किंगच्या उतारावर उभा होतो. (मध्यभागी. कडेला फोनला रेंज येत नाही.) ग्रुपवर नुकतीच सूचना टाकली होती : 'आवारात गाडी चालवताना मोबाइल वापरू नये. पोच त्वरित द्यावी.' कोणाकोणाची पोच येते ते बघत होतो. एक अंगठा आला. तिसऱ्या मजल्याचा. समाधान वाटलं. त्याच क्षणी तिसऱ्या मजल्याची गाडी माझ्या पावलावर आली.

गडी लगबगीने उतरला. हातात फोन. म्हणाला, साहेब, माफ करा, तुमच्याच सूचनेला पोच देत होतो. म्हणजे तोंडी कबुली! वॉचमनसमोर! केस इथेच संपली.

मग तोच हॉस्पिटलात घेऊन गेला, तोच एक्स-रेच्या लाइनीत उभा राहिला, त्यानेच परत आणलं. घाबरलाय, दुसरं काय. आलो तेव्हा लिफ्ट बंद. संध्याकाळी पाच ते सात वीजबचत, ही माझीच सूचना, आणि वॉचमन ती काटेकोर पाळतो. त्या दोघांनी मला खुर्चीत बसवून पहिल्या मजल्यावर आणलं. पायऱ्या कशा चढायच्या ते मी वरून सांगत होतो, म्हणून सुखरूप पोचलो.

बाकी कोणाची पोच नाही. आमच्याकडे लोक पोच देत नाहीत, पण सूचना पाळतात. मूक पाठिंबा म्हणतात तो हाच.

मंगळवार, ५ मार्च

साडूला फोन केला. तो वकील. लग्नापासून माझ्यावर जळतो, पण घरचा आहे. म्हणाला, तीन रस्ते आहेत. पोलिसांत तक्रार, विम्याचा दावा किंवा आपसात तडजोड. म्हटलं, पहिले दोन्ही घेऊ. तडजोड हा शब्द माझ्या कोशात नाही.

मग विचारतो, तो वाचत काय होता? सांगितलं. विचारतो, मेसेज कोणाचा? म्हटलं, तो मुद्दा गौण आहे. साडूने फोन बाजूला ठेवला. कायद्याचा विचार करत असावा. मागून मेहुणीच्या हसण्याचा आवाज येत होता. टीव्ही चालू असेल.

त्याचा सल्ला : दुखण्याची रोज नोंद ठेवा. वही तर मी ठेवतोच. ही त्याला दाखवणार नाही, पण सोबत मात्र बाळगीन.

नोंद : ठणका भयंकर. संताप त्याहून.

बुधवार, ६ मार्च

तिसऱ्या मजल्याची बायको गरम सूप घेऊन आली. डाव सरळ आहे. प्यायलो तर मन वळलं असं कोर्टात सांगतील. मी तोंड फिरवलं. आमच्या हिने दोन वाट्या घेतल्या आणि वर कृती विचारून घेतली. शत्रूकडून कृती! उरलेलं मी फक्त चाखलं. अर्धी वाटी. शत्रूच्या हालचालींची माहिती असावी लागते.

ही म्हणाली, बिचारा दोन दिवस जेवला नाहीये म्हणे. म्हटलं, बघ, मन खातंय त्याला. ही म्हणाली, त्याला निदान आहे तरी.

मी पाय उशीवर घेतला. दुखत होतं.

शुक्रवार, ८ मार्च

साडूला घेऊन पोलीस चौकीत गेलो. कुबड्यांवर. माझा प्रभाव पडेल अशी खात्री होती.

ड्यूटीवरच्या साहेबाने विचारलं, उभे कुठे होतात? म्हटलं, उताराच्या मध्यभागी. काय करत होतात? म्हटलं, मोबाइल बघत होतो. त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, काका, तक्रार लिहून घेतो, पण ही दोन वाक्यंही त्यात येतील. शिवाय गाडीवाला मेसेज कोणाचा वाचत होता, तेही येईल. शेजारचा हवालदार तोंडावर फाइल धरून खोलीबाहेर गेला.

तिसऱ्या मजल्याची आणि यांची जुनी ओळख असणार. नाहीतर एवढे बारीक प्रश्न कोण विचारतं?

पोलिसांचा मार्ग मी स्वतःहून सोडला. शेजाऱ्याला गजाआड बघणं माझ्या स्वभावात नाही. साडूने परत येताना कुबडी धरली, पण ज्या पद्धतीने धरली ती मला आवडली नाही.

रविवार, १० मार्च

विम्याचा दावा. साडूचं म्हणणं असं की विमावाले तुमचाही हलगर्जीपणा काढणार. त्यावर तोड म्हणून दोन रहिवासी उभे करा. त्यांनी एवढंच सांगायचं, की हीच सूचना आम्हालाही आली, आम्ही गाडी लावली आणि मग शांतपणे वाचली.

सोपं काम. दोन कशाला, अख्खी इमारत उभी करतो. उद्या दुपारपर्यंत साक्षीदार आवरता आवरणार नाहीत.

उभा जन्म ऑफिसात परिपत्रकं काढण्यात गेला. एकावरही कधी हरकत आली नाही. हिला हे सांगितलं तर म्हणाली, वाचल्याशिवाय हरकत कशी घेणार?

सोमवार, ११ मार्च

खजिनदाराकडे गेलो. सूचना वाचलीत ना? म्हणाला, हो हो, पाण्याच्या टाकीची ना? म्हटलं, मोबाइलची. म्हणाला, तेच ते. म्हटलं, दाखवा बरं. त्याने फोन काढला. ग्रुपच्या नावापुढे काट मारलेला कर्णा. म्हणजे आवाज बंद. न वाचलेल्या सूचनांचा आकडा बघून मीच डोळे मिटले. चुकून बटण दाबलं गेलं असेल. खजिनदाराची बोटं जाड आहेत.

पाचव्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. कर्णा. काट. त्यांची बोटं बारीक आहेत.

चौथ्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर. आयुष्यभर शिस्त शिकवली. कर्णा, काट. वर म्हणतात, तुमचं लेखन फार छान असतं, एकदा निवांत वाचणार आहे.

फोन कंपनीचा दोष असणार. सगळ्यांना एकाच वेळी झालाय. कंपनीवरही दावा लावता येईल का, साडूला विचारायला हवं.

रात्री हिचा फोन टेबलावर पडला होता. सहज बघितला. कर्णा.

ही म्हणाली, सगळ्यांनी कधीच बंद केलाय. इतकी वर्षं तुमचं एकूण एक वाचतो तो एकटा तिसरा मजला. जिथे असेल तिथून अंगठा देतो बिचारा. एकदा म्हणे दाढ काढताना दिला.

त्याला कोणी सांगितलं होतं वाचायला! म्हणजे, मीच. पण बाकीच्यांसारखं त्याला राहता आलं नसतं का? माझा पाय वाचला असता.

झोप नाही. ठणका नव्हता, तरी नाही.

बुधवार, १३ मार्च

साक्षीदार मिळत नाहीत. साडू म्हणाला, दावा लावा, पण उलटतपासणीत न्यायाधीशांनाही हसू आवरणार नाही. त्यापेक्षा तडजोड करा. तो दवाखान्याचा सगळा भार उचलायला पहिल्या दिवसापासून तयार आहे.

मी विचारपूर्वक तडजोड स्वीकारली. हा शब्द माझ्या कोशात आधीपासूनच होता. पण अटी माझ्या! मसुदाही माझा. मुख्य कलम : 'गाडी चालवताना फोन जवळ बाळगणार नाही आणि सोसायटीच्या ग्रुपवरील सूचनांमुळे पुन्हा अपघात होणार नाही याची संपूर्ण खबरदारी घेईन.' साडू म्हणाला, हे कलम नीट वाचलंत का? म्हटलं, मी लिहिलंय.

शुक्रवार, १५ मार्च

विजय!

तिसऱ्या मजल्याने सही केली. मान खाली. बायको शेजारी बसून होती, सूप नव्हतं. तिने कलम दोनदा वाचून काढलं आणि नवऱ्याला म्हणाली, संपूर्ण खबरदारी म्हणजे काय ते कळलं ना? त्याने फोन काढला, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, माफ करा साहेब, आणि एक बटण दाबलं. माझा फोन वाजला. 'तिसरा मजला यांनी ग्रुप सोडला.'

करार झाल्याची रीतसर सूचना ग्रुपवर टाकली. शेवटी नेहमीप्रमाणे : पोच त्वरित द्यावी.

सोमवार, १८ मार्च

पोच नाही. कोणाचीच नाही. आधी एक तरी यायची.

मंगळवार, १९ मार्च. संध्याकाळी, जिन्यात.

सविस्तर लिहितो, कारण वेळ आहे.

पाचला पाच मिनिटं असताना लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेलो. कलमाचा अर्थ ग्रुप सोडणं असा होत नाही, हे समजावून सांगायला. त्याला परत यायची परवानगी द्यायचं ठरवलं होतं. विनंती नाही, परवानगी.

दार बायकोने उघडलं. म्हणाली, हे बाहेर गेलेत. म्हटलं, फोन? तो घरीच ठेवून जातात, तुमचा करार आहे ना. टेबलावर दिसत होता, पालथा. म्हटलं, ग्रुपवर परत घ्यायचा विचार आहे. म्हणाली, आता रात्री नीट झोपतात हो ते. कशाला?

आणि दार लावून घेतलं. हळू. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी लिफ्टपाशी आलो. पाच वाजले होते. लिफ्ट बंद.

प्लास्टर घालून जिना उतरायला डॉक्टरची सक्त मनाई. वॉचमनला फोन करावा तर ड्यूटीवर फोन जवळ ठेवायचा नाही, अशी सूचना आहे. माझी. ही मेहुणीकडे. फोन उचलत नाही. हाक मारणं पदाला शोभत नाही. त्या दारावर परत टकटक करायची? मेलो तरी नाही. पायरीवर बसत बसत उतरता येईल, पण अर्ध्यात कोणी बघितलं तर?

म्हणून ग्रुपवर टाकलं : 'सेक्रेटरी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात आहेत. खुर्ची घेऊन दोघांनी यावे. पोच त्वरित द्यावी.'

मग परत टाकलं. 'त्वरित' काढून 'कृपया' घातलं.

दारांमागे माणसं आहेत. चौथ्या मजल्यावर मास्तर खोकले. खाली कुकरची शिट्टी झाली. सगळ्यांचे फोन हाताशी असणार. एकाचाही वाजणार नाही.

आत्ता खाली गाडी वळली. आवाज ओळखीचा आहे. उतारावर हळू आली, अगदी नियमाप्रमाणे. दार लागलं. तो लिफ्टपाशी थांबला असेल, बंद आहे बघून जिना चढायला लागला आहे. येईल, मला बघेल, विचारणार काहीच नाही, खुर्ची आणायला परत खाली जाईल. तसलाच आहे तो.

तेवढ्यात त्याला काय म्हणायचं याचा मसुदा करायला घेतला. उभा जन्म मसुदे केले. दुसऱ्या मजल्यापर्यंत आला, आणि माझी पहिली ओळसुद्धा जमलेली नाही.