सगळी वाडी धरणाच्या भिंतीवर

मंगळवार, संध्याकाळ. कामशेतची खोली.

वडिवळ्याजवळच्या वाडीत मी दारोदार फिरून मोबाइलवर सर्व्हेचे फॉर्म भरले. तिथं रेंज नव्हती म्हणून घरांचं लोकेशन मात्र धरणाच्या भिंतीवर येऊन टिपलं. आता नकाशा उघडला, तर सगळी घरं भिंतीवर, एकाच ठिपक्यात! जीपीएसला मोबाइलच्या रेंजची गरजच नसते, हे ज्युनिअर्सना मीच शिकवते. मूर्ख!

शेवटच्या घरातल्या मावशी एकट्याच राहतात. चहा देऊन म्हणाल्या, "परत येशील का गं?"

"हो," म्हटलं. खोटंच. माझ्या लेखी सर्व्हे संपला होता.

"समदी असंच म्हणत्यात."

एकच ठिपका. उद्या पुन्हा घरोघर. चिडायला हवं होतं, पण साखरेचा पुडा आत्ताच बॅगेत टाकलाय. इथं आल्यापासून मला परत ये म्हणणारं दुसरं कोणी भेटलेलं नाही.