गॅलरीतले खडे आणि शेतातले वर्तुळ

मी, दुर्गाबाई हिंमतराव ठवकर, वय वर्षे शहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार हडपसर, पुणे, माझ्या पश्चात मुलांत वाद राहू नये म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गोंधळ आहे तो डोक्यात नाही, वस्तुस्थितीत आहे.

कलम १. हडपसरचा फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक मुलगा दिग्विजय व मुलगी उत्कर्षा यांना समसमान मिळावी. शिलाई मशीन घरकामाला येणाऱ्या चंपाला द्यावे. तिच्याकडून जी चूक झाली (पाहा कलम ५), तीवरून तिला कोणीही बोलू नये. बोलायचे ते मी बोलून झाले आहे.

कलम २. माझे यजमान हिंमतराव उत्खननाच्या कामावर नकाशे काढीत. त्यांची नकाशांची पेटी दिग्विजयला द्यावी. त्याला हाताने सरळ रेघ मारता येत नाही, पण पेटी उघडली की वडिलांचा वास येतो.

कलम ३. काटोलकडचे शेत मला वडिलांकडून आले आहे. त्यात मोठमोठ्या काळ्या दगडांचे जुने वर्तुळ आहे. लोखंडाच्या काळातले म्हणतात. ते कशासाठी रचले, हे माझ्या घरातल्या प्रत्येकाला पक्के माहीत आहे आणि प्रत्येकाला वेगळे माहीत आहे. हे म्हणत, ते थडगे. मूळ रूपात वर मातीचा ढीग होता, पावसाने तो वाहून गेला आणि कडेचे दगड तेवढे उरले. म्हणजे आपण ज्याला वर्तुळ म्हणतो ते कोणी वर्तुळ म्हणून पाहिलेच नसेल. खराडीच्या कंपनीत बसून दिग्विजयला वाटते की ती वेधशाळा होती. मोबाइल घेऊन तो तिथे सूर्योदय मोजून आला. उत्कर्षा गुरांची डॉक्टर, तिच्या मते तो गोठाच. मला तिघांचेही पटते, ही माझी अडचण आहे.

वर्तुळात पूर्वेला एक मोकळी जागा आहे. दिग्विजय म्हणतो सूर्यासाठी, उत्कर्षा म्हणते गुरांसाठी, हे म्हणत मयताला आत नेण्यासाठी. मात्र यांना मनातून संशय होता की तिथले दगड माझ्या वडिलांनी गुरांच्या कोठ्याच्या पायाभरणीत वापरले. एकदा जेवताना विचारलेसुद्धा. वडील म्हणाले, "जवाईबापू, गोटे कोनं नेले मले काय मालूम? तुमीच त शिकेल मानूस." त्यानंतर दोघे एका पंगतीत बसले नाहीत. मी दोन्हीकडे वाढत राहिले. कोण खरे, ते मला आजही ठाऊक नाही.

कलम ४. शेत दोघांचे सामाईक राहील. वाटणी केल्यास बांध वर्तुळातून जाऊ नये. दिग्विजयला नवे दगड आणून वर्तुळाचे "मूळ रूप" उभे करायचे आहे. ते कोणाला माहीत नाही, तेव्हा मोकळी जागा कोणीही भरू नये.

कलम ५. गतवर्षी हे गेले. गेलेल्याचा जीव ज्यात मानतात तो जीवखडा घरात आणत नाहीत, म्हणून स्मशानातून येताना दिग्विजयने तो कापडात गुंडाळून गॅलरीत ठेवला. तिथेच यांचे खोके होते. वर्तुळाच्या दगडांचे नांगर लागून उडालेले तुकडे त्यात ते जमवत. दगडावर शाईने नंबर घालायचा नाही, हा यांचा हट्ट, बघूनच ओळखत. दहाव्याच्या आदल्या दिवशी चंपाने गॅलरी झाडली, कापड धुवायला टाकले आणि खडा "साहेबांचा दिसतोय" म्हणून खोक्यात ठेवून दिला. काटोलचा दगड काळा, पुण्याचाही काळा. ओळखू शकणारा माणूस एकच होता आणि त्याचाच दहावा होता.

खोके तसेच घाटावर नेले. गुरुजींना उशीर होत होता. दिग्विजयने खोक्यातला एक खडा उचलला. त्यावर आम्ही तिलांजली दिली आणि तो नदीत सोडला. पिंडाला कावळा लगेच शिवला. "बघ, बरोबर होता," दिग्विजय म्हणाला. "भुकेला होता," उत्कर्षा म्हणाली. तेव्हापासून बहीणभावांत बोलणे कमी आहे.

म्हणजे हे नदीत आहेत आणि सुटले. किंवा हजारो वर्षांपूर्वीचा एक तुकडा आमच्या हातून तिलांजली घेऊन नदीत गेला आणि हे गॅलरीत आहेत. शेजारच्या अख्तरबानू म्हणतात, "दुर्गाताई, एवढा विचार कशाला? सगळेच भाईसाहेब समजा." मी तेच करते. रोज सगळ्या खोक्याला नमस्कार करते. पण मला यांची फार आठवण येते आणि कुठे बघून रडावे ते कळत नाही.

कलम ६. खोके उत्कर्षाला द्यावे. हे कलम रद्द. दिग्विजयला द्यावे. हेही रद्द. वकील निकिता म्हणते, "आजी, मृत्युपत्रात 'बहुधा' चालत नाही." तर खोके कोणालाच देऊ नये.

कलम ७. माझा जीवखडा दहाव्याला नदीत सोडू नये. तिलांजली झाल्यावर तो त्या खोक्यात टाकावा, झाकण लावावे आणि दोघा भावंडांनी दोन बाजूंनी धरून खोके चांगले हलवावे. मग सगळे खडे काटोलला नेऊन त्या मोकळ्या जागेत पुरावेत. कलम ४ मध्ये काय लिहिले ते माझ्या लक्षात आहे. मूठभर खड्यांनी ती जागा भरत नाही. पुराव्यात बाहेरचा दगड मिसळला म्हणून हे रागावतील. रागावू देत. ते खोक्यात असले तर त्यांनी मला ओळखून दाखवावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील निकिता करील. वरील मजकूर मला वाचून दाखवला. समजला तेवढा बरोबर आहे.

ठिकाण : हडपसर, पुणे
दिनांक : ९ जानेवारी २०२५

(सही) दुर्गाबाई हिंमतराव ठवकर

आमच्यासमक्ष सही केली :
१. (सही) अख्तरबानू दादामियाँ शेख, शेजारी
२. (सही) रामदास गायधने, सोसायटीचे सचिव